मामा फाटकाबाहेर

सुभेदार जोतिराम फडतरे यांच्या कमरेचा दिवा आजवर एकदाही लाल झाला नव्हता, आणि समोरच्याला ऐकायची हौस असो वा नसो, ते हे सांगितल्याशिवाय राहत नसत. टपरीवर विषय पावसाचा निघो की पोटनिवडणुकीचा, फिरून फिरून गाडी त्या दिव्यावर यायची. "बैलानं शिंग मारलं मला. बरगडी मोडली. खाली पडल्या पडल्या दिवा बघितला, तर हिरवागार," असं म्हणून ते ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. ऐकणारा बिचारा मान डोलवायचा. दुसरं करणार काय?

दिवा पिस्तुलाच्या मुठीवर होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पिस्तुलाचं नाव शांतकळ. आता शांतकळ ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही, पण पुष्कळांनी ते लांबूनच पाहिलेलं असतं, म्हणून दोन शब्द सांगतो.

माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. मांडीवर निवांत ठेवला तरी त्याचे स्नायू आतल्या आत बारीक थरथरत असतात, सेकंदाला आठ-दहा वेळा. ही थरथर डोळ्यांना दिसत नाही. पण राग आला, भीती वाटली, दारू चढली की तिचा ताल बिघडतो, आणि गंमत अशी की आपण चिडलोय हे माणसाला कळायच्या आधीच तो बिघडलेला असतो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं हा ताल वाचणारी पातळ पट्टी तयार केली. ती पिस्तुलाच्या मुठीत बसवली आणि जोडीला मनगटात घालायचं एक कडं दिलं. कडं नाडी बघतं, कातडीवरचा घाम बघतं, थरथर बघतं. ताल बिघडला की मुठीतला पोलादी खिळा खाली पडतो, चाप जाम होतो आणि दिवा लाल होतो. मन निवलं की खिळा वर, दिवा हिरवा. म्हणजे रागाच्या भरात गोळी सुटायचीच नाही.

पाठोपाठ कायदा आला. रागात जे सुटतच नाही ते बाळगायला आडकाठी कसली, असा विचार करून सरकारनं शांतकळ कमरेला उघडं लावायची मुभा दिली. उघडंच, कारण दिवा चारचौघांना दिसला पाहिजे. अटी दोनच होत्या. एक म्हणजे पिस्तूल धन्याच्या कड्यापासून लांब राहता कामा नये. ते कुठं काढून ठेवलंत आणि तिथून हललात की ते स्वतःच पोलिसांना हाक मारतं, आणि पोलीस येऊन सगळी जागा रिकामी करून झडती घेतात. ठेवायचंच असेल तर तालुक्याच्या ठाण्यातल्या कपाटात. दुसरी अट खासगी जागेची. दुकान असो, दवाखाना असो, मालकानं तोंडानं सांगितलं की शस्त्र घेऊन इथं थांबू नका, तर निमूट बाहेर पडायचं. नाही पडलात तर परवाना रद्द.

ही दुसरी अट कागदावरच राहिली. वापरणार कोण? शांतकळ लावून फिरणारे म्हणजे कारखान्याचे संचालक, बांधकामवाले, मार्केट कमिटीतली वजनदार मंडळी. त्यांना बाहेर व्हा म्हणायचं कुणाच्या बापाची टाप होती? उलट हिरवा दिवा मानाचा झाला. सोयरीक जुळवताना मुलगा निर्व्यसनी आहे हे सांगून झालं की घरात शांतकळ आहे हेही सांगायचे. भांडणात पडणारे मुडदे कमी झाले, हे मात्र कबूल करायला हवं. त्या वर्षी सगळ्यांनी त्या प्रयोगशाळेचे गोडवे गायले आणि ते काही उगाच नव्हते.

सुभेदारांनी आपलं पिस्तूल मिरवायला विकत घेतलेलं नव्हतं. शांतकळाच्या पहिल्या चाचणीसाठी फौजेतून निवृत्त झालेली माणसं हवी होती, तेव्हा अख्ख्या खटाव तालुक्यातून एकट्या जोतिराम फडतऱ्यांची निवड झाली होती. कानाशी फटाके लावून बघितले, शिव्या देऊन बघितल्या, झोपेतून उठवून बघितलं. गडी ढिम्म. चाचणी संपल्यावर ते पिस्तूल त्यांनाच देऊन टाकलं. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता.

त्यांना दुसरा अभिमान ईश्वरीचा. ही त्यांची एकुलती एक लेक. पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेतलं, मोठ्या हॉटेलात नोकरी केली, आणि एक दिवस बॅग घेऊन सोनगीरवाडीला परत आली. वडिलांची मुरमाड जमीन, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, ती स्वतःच्या नावावर करून घेऊन तिनं तिथं मंगल कार्यालय बांधलं. सुरुवातीला लोक हसले. आता दिवाळीनंतरच्या तिथी आषाढातच भरून जायच्या. पाहुणा आला की सुभेदार त्याला आधी कार्यालय दाखवत, मग पाणी विचारत.

गेल्या हंगामात तिथं एक प्रकार घडला. एका लग्नात एका बड्या पाहुण्याला आपली माणसं पहिल्या पंगतीला बसवायची होती. आचारी पांडूतात्या म्हणाले, "मालक, पंगत भरली, दुसरीला बसवतो." पाहुण्यानं हसत हसत पिस्तुलाच्या मुठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं तात्यांच्या थोबाडीत दिली. दिवा हिरवाच. भरल्या पंगतीतली माणसं आपणहून उठली. तक्रार करायला गेले तेव्हा हवालदारानं विचारलं, दिवा हिरवा होता ना? मग धमकी कसली?

"पप्पा, ज्याला राग येतो त्याला हे यंत्र अडवतं," ईश्वरी त्या दिवशी म्हणाली होती. "पण ज्याला राग यायची गरजच पडत नाही, त्याला कोण अडवणार?"

"असले चारदोन असायचेच," सुभेदार म्हणाले होते. "त्यावरनं यंत्र वाईट म्हणायचं न्हाय."

दुसऱ्या आठवड्यात कार्यालयाच्या फाटकावर पाटी लागली. शस्त्र घेऊन आत थांबण्यास मालकाची परवानगी नाही. पाटी तिरकी बसली होती म्हणून सुभेदारांनी स्वतः शिडीवर चढून, पाणपातळी लावून ती सरळ केली. नियम चांगला होता. तो आपल्यालाही लागू आहे, असं मात्र त्यांच्या डोक्यात चुकूनही आलं नाही. घरचंच कार्यालय ना!

मग तन्वीचं लग्न आलं. तन्वी म्हणजे सुभेदारांच्या धाकट्या बहिणीची, वैजयंताची मुलगी. सुभेदार तिचे सख्खे मामा. मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामानं, मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. या मानासाठी सुभेदारांनी नवा कोट शिवून घेतला होता. लग्न ईश्वरीच्याच कार्यालयात. नवरामुलगा फलटणकडच्या काटकरांचा. घर नावाजलेलं, आणि मुलाचे चुलते भैयासाहेब काटकर त्याहून नावाजलेले.

आदल्या दिवशी वैजयंताचा फोन आला. "दादा, त्यांचा चुलता शांतकळ लावून मिरवणार, आणि आमच्या पोरीचा मामा आपलं ठाण्यात ठेवून मोकळ्या कमरेनं? बरोबरी नको का दिसायला? तू पण लावून ये."

बहिणीचं म्हणणं सुभेदारांना तंतोतंत पटलं. मानपानात कमीपणा कसा चालेल? सकाळी त्यांनी फेटा बांधला, कोटाची बटणं मोकळी ठेवली आणि पिस्तूल बाहेरून दिसेल असं लावलं. फाटकावरच्या वॉचमननं मालकिणीच्या वडिलांना पाहून कडक सलाम ठोकला. ईश्वरी तेव्हा मागं मुदपाकखान्यात होती. सुभेदार सरळ आत गेले आणि बोहल्याजवळ जाऊन उभे राहिले. लोक येऊन रामराम करत होते, नजर कमरेकडे जात होती. सुभेदारांना बरं वाटत होतं.

वऱ्हाड वाजतगाजत आलं. फाटकापाशी बँड थांबला आणि बराच वेळ सुरूच होईना, तेव्हा लोकांच्या माना तिकडे वळल्या. भैयासाहेब काटकर फाटकाच्या आत दोन पावलांवर उभे होते आणि त्यांच्या समोर ईश्वरी उभी होती.

"भैयासाहेब, तुमचं स्वागत आहे," ती म्हणत होती. "पण शस्त्र घेऊन आत थांबता येणार नाही. गाडीत बसा, नाहीतर ठाण्यात ठेवून या. तुमचं पान मी राखून ठेवते."

भैयासाहेब रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे पाटी वाचली, अंगठ्यानं पिस्तुलाची मूठ कुरवाळली आणि गोड हसले. "ताई, नियम झकास आहे. आवडला आपल्याला. पण तो बोहल्यापाशी फेटा बांधून उभा आहे, त्याच्या कमरेला काय आहे? करदोडा?"

ईश्वरीनं वळून पाहिलं.

"तुमचे वडील ना ते?" भैयासाहेब म्हणाले. "आधी घरातला बाहेर काढा. मग आपण बोलू. तोवर मी बसतो पहिल्या रांगेत." आणि ते खरोखरच जाऊन पहिल्या रांगेत, मधल्या सोफ्यावर बसले.

ईश्वरी मांडव ओलांडून वडिलांकडे निघाली. दोन्हीकडचे पाहुणे तिच्याकडे बघत होते. सुभेदारांना फाटकावरचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. त्यांना वाटलं, पोरगी आशीर्वादाला येतेय. त्यांनी कोट सारखा केला.

"पप्पा, तुमच्याजवळ पिस्तूल आहे."

"हाय की. हिरवं हाय बघ."

"ते घेऊन इथं थांबता येणार नाही."

सुभेदार हसले. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू विरलं. "बाजूला चल. बोलू आपण," ते हळूच म्हणाले.

"बाजूला नाही, पप्पा. आज इथंच सांगावं लागणार. मी या जागेची मालक म्हणून सांगते, शस्त्र घेऊन इथं थांबायला माझी परवानगी नाही. तुम्ही बाहेर जा."

आणि मग पुढच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "अगं बाई, मामांचा दिवा लाल झाला."

खरंच झाला होता. बैलाच्या शिंगानं झाला नव्हता, कानाशी वाजलेल्या फटाक्यांनी झाला नव्हता, तो दोनशे माणसांसमोर पोटच्या पोरीच्या एका वाक्यानं झाला. सुभेदारांना कानशिलं तापल्यासारखी झाली. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

वैजयंता मध्ये पडली. "ईश्वरी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सख्ख्या बापाला बाहेर काढतीस? मामा गेला तर माझ्या पोरीला बोहल्यावर आणायचं कुणी? दादा, तू काढून ठेव बाबा ते, कोपऱ्यात कुठंतरी."

"काढून ठेवता येत न्हाय, वैजू," सुभेदार म्हणाले. "मी हललो की पोलीस येतील आणि अख्खा मांडव रिकामा करतील. लग्न राहील बाजूला. आणि ठाण्यात ठेवून यावं तर मुहूर्त टळतो."

म्हणजे राहायचं तर पिस्तुलासकट राहायचं आणि जायचं तर पिस्तुलासकट जायचं. सुभेदारांनी मनातल्या मनात राहायचंच ठरवलं होतं. कोण काढतंय बघू! पोरगी काय पोलिसात जाणार होती बापाविरुद्ध? त्यांनी नजर फिरवली आणि ती भैयासाहेबांवर जाऊन थांबली. भैयासाहेब पायावर पाय टाकून बसले होते. हात मुठीवर, अंगठा फिरतोय, नजर ईश्वरीवर आणि ओठांवर तेच गोड हसू. दिवा हिरवागार होता. मघाशी सुभेदारांच्या कमरेला होता, अगदी तसाच.

त्यांनी पुन्हा लेकीकडे पाहिलं. तिनं पदराचं टोक बोटांत घट्ट धरलं होतं आणि ती बोटं थरथरत होती. यंत्र वगैरे काही लागत नव्हतं, साध्या डोळ्यांना दिसत होती. गळ्याची शीर उडत होती. या पोरीच्या मनगटात कडं असतं तर दिवा लालभडक पेटला असता आणि विझायचं नाव घेतलं नसतं. आणि तरी तिनं वाक्य पुरं केलं होतं. जागेवरून हलली नव्हती.

सुभेदारांनी सीमेवर माणसं पाहिली होती. ज्यांचे हात कापत नव्हते अशी पाहिली होती, आणि हात कापत असताना पुढं गेलेलीही पाहिली होती. त्यातली कुठली माणसं आपल्याला जास्त मोठी वाटली होती, हे त्यांना आत्ता, भाचीच्या मांडवात, लख्ख आठवलं. आपण इतकी वर्षं भलत्याच गोष्टीचा डंका पिटत होतो की काय, असंही वाटून गेलं.

त्यांनी टाचा जुळवल्या. "बरोबर हाय तुझं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पाटी मीच सरळ केली आणि मीच मोडली. चुकलं माझं. निघतो."

"पप्पा," ईश्वरी म्हणाली. एवढंच. तिचे डोळे भरून आले होते.

"तन्वीला सांग, मामा फाटकात हाय म्हणून. लांब न्हाय." आणि सुभेदार मांडवाच्या मधल्या वाटेनं, कवायतीला चालावं तसे चालत बाहेर पडले. कमरेचा दिवा लालच होता. त्यांनी तो झाकला नाही.

आता सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेकडे वळल्या. ईश्वरी भैयासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "घरातला बाहेर गेला," ती म्हणाली. "आता तुम्ही."

"मी उठलो तर माझ्याबरोबर वऱ्हाड उठेल," भैयासाहेब आवाज न चढवता म्हणाले. "आणि मुलीचं लग्न मोडल्याचं खापर तुमच्या कार्यालयावर फुटेल. पुन्हा कोण येईल इथं? विचार करा."

ईश्वरीचा चेहरा पांढरा पडला. धमकी पोकळ नव्हती. पण ती म्हणाली, "वऱ्हाड न्यायचं तर तुमची मर्जी. जेवून जा, स्वयंपाक तयार आहे. पिस्तूल मात्र आत्ता बाहेर."

मग नवऱ्यामुलाची आई, भैयासाहेबांची थोरली वहिनी, जागेवरून उठली. शालू सावरत ती दिराजवळ आली. "भावजी, मुलीचा मामा बाहेर गेला," ती म्हणाली. "आता आपला माणूस आत बसून राहिला तर उद्या सगळा गोतावळा म्हणेल, काटकरांनी पोरीच्या मामाला उन्हात काढलं आणि स्वतः सोफ्यावर बसले. त्यांचा एक मानकरी बाहेर, आपलाही एक बाहेर. मानपान सारखं होऊ द्या. सुनेला घरात आणायचंय मला, तिच्या माहेराशी तोंड लपवून राहायचं नाही."

भैयासाहेबांनी वहिनीकडे पाहिलं, मग मागच्या रांगांकडे. वऱ्हाडातली वडीलधारी माणसं वहिनीच्या बोलण्याला माना डोलवत होती. वऱ्हाड आपल्यामागं उठणार नाही, हे त्यांनी ताडलं. ते उठले, कपडे झटकले आणि बाहेर जाऊन आपल्या गाडीत काचा वर करून बसले. दिवा हिरवाच होता, तेवढं मानावं लागेल.

बँड सुरू झाला.

सुभेदार फाटकाच्या गजांना धरून रस्त्यावर उभे होते. इथून बोहलं अर्धवट दिसत होतं. अंतरपाट धरला गेला आणि कर्ण्यावरून भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." सुभेदारांचा पाय नकळत पुढं पडला आणि थांबला. आत थोडी कुजबूज झाली. मग भटजी म्हणाले, "मामांच्या घरचं कुणीही चालेल. चला, मुहूर्त टळतोय."

तन्वी खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचा हात धरून ईश्वरी चालत होती. दोघींचेही डोळे लाल झालेले. वैजयंता तोंड वळवून उभी होती, पण पोरी जवळून जाताना तिनं ईश्वरीच्या पाठीवर हात ठेवला, हे सुभेदारांनी इतक्या लांबूनही टिपलं. ईश्वरी बोहल्यावर चढली आणि तन्वीच्या मागं, मामाच्या जागी, ताठ उभी राहिली. कशी उभी राहावी? तर फडतऱ्यांची पोरगी जशी उभी राहील, तशी.

कार्यालयातल्या एका मावशींनी फाटकापाशी येऊन गजांतून सुभेदारांच्या ओंजळीत अक्षता घातल्या. "ताईंनी पाठवल्यात," त्या म्हणाल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. दर सावधानला सुभेदार फाटकाबाहेरून अक्षता उधळत होते. त्या बोहल्यापर्यंत जात नव्हत्या, डांबरी रस्त्यावर पडत होत्या. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

टाळ्या वाजल्या तेव्हा वडूजहून एक रिक्षा येऊन थांबली. तीतून सुभेदारांचे पलटणीतले जुने सोबती, नायक दगडू इंगळे, आहेराची पिशवी सांभाळत उतरले. उशीर झाला म्हणून ते घाईत होते, पण फाटकाबाहेर मुलीच्या मामाला पाहून थबकले.

"सुभेदारसाहेब? लग्न आत आणि तुम्ही रस्त्यावर?"

"मला बाहेर काढलं, दगडू."

"तुम्हाला?" इंगळ्यांचा विश्वास बसेना. "सुभेदार फडतऱ्यांना बाहेर काढलं? एवढी हिंमत कुणाची झाली?"

सुभेदारांनी फेटा सारखा केला आणि छाती पुढं काढली.

"माझ्या पोरीची," ते म्हणाले.